साहेबांच्या डाव्या कानाशी

पेपरवाल्यांनी तिला 'बंडखोर कन्या' करून टाकलं. एकाने तर लिहिलं, 'ऐश्वर्याला लाथ मारून ती श्रमिकांत मिसळली.' मिसळली म्हणे! मीठ आहे का ती, मिसळायला? सुरुवातीला कित्येक महिने आमच्यातली एकही बाई तिच्या शेजारी डबा उघडत नव्हती, हे त्या पेपरवाल्याला कोण सांगणार? मी सांगते. मी तिच्याबरोबर एकाच रोलरवर ओल्या चादरी लावल्यात. आणि ज्या दिवसाबद्दल जो तो आपापल्या सोयीचं बोलतो, त्या दिवशी मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

लॉन्ड्रीत तिला सगळ्या 'बंगला' म्हणतात. "ए बंगला, टोपली इकडे सरकव." आधी टोमणा होता तो. आता नुसतीच हाक आहे.

बंगला म्हणजे साहेबांचा बंगला. आमच्याकडे साहेब पायलीचे पन्नास आहेत, पण नुसतं 'साहेब' म्हटलं की एकच. त्यांच्या आधी त्यांचे वडील, म्हातारे साहेब. चौकात त्यांचा पुतळा आहे, एक बोट पुढे केलेला. बोटाच्या दिशेला दवाखाना होणार होता. तिथे आता लोक गाड्या लावतात आणि सावलीसाठी भांडतात.

बंगल्याच्या पुढच्या हॉलचं दार सकाळी लवकर उघडतं. भिंतीकडेने लाकडी बाकं, छताला दोन पंखे, त्यातला चांगला साहेबांच्या खुर्चीवर. बाकांवर माणसं: कुणाचं पाणी अडलंय, कुणाचा दाखला, कुणाचा जावई बसून आहे. म्हाताऱ्या साहेबांनी या हॉलमध्ये तीस वर्षं राज्य केलं ते एका गोष्टीवर, आणि ती त्यांनी घरच्यांना जेवणाच्या टेबलावर शिकवली, जशी आपल्या घरात मुलांना पाढे शिकवतात. "माणसाला नावाने हाक मारा. त्याच्या घरचं एक दुखणं विचारा. मग पाच वर्षं तो दुसरं काही मागत नाही."

म्हाताऱ्याला खरंच आठवायचं, हे मी शत्रू असूनही मान्य करते. कुणाच्या म्हशीने किती दूध दिलं तेसुद्धा आठवायचं. पण मुलगा? मुलाचं डोकं म्हणजे गाळणी. म्हातारे गेले, सुतकात लोक भेटायला येत होते, तेव्हा याने सख्ख्या मेव्हण्याला हात जोडून विचारलं, "आपण कुठले?" मेव्हणा म्हणाला, "तुमच्या बायकोच्या माहेरचा." आता 'साहेब माणूस विसरत नाहीत' ही घराण्याची ख्याती, तिच्यावर मतं, मतांवर बंगला. घरात हातपाय गळाले सगळ्यांचे.

तेव्हा ही नऊ वर्षांची होती. बापाच्या खुर्चीमागे जमिनीवर बसून गणितं सोडवायची, कारण पंखा तिथेच होता. एक म्हातारा घड्याळवाला समोर आला. साहेब नुसते हसत बसले, काही सुचेना. ही मागून हळूच म्हणाली, "पप्पा, हे मागेपण आले होते. यांच्या आईचा पाय मोडला होता." साहेब पुढे झुकले, "आईचा पाय कसा आहे आता?" घड्याळवाल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. काम सांगायचंच विसरला तो. तसाच गेला, आणि बाहेर दहा जणांना सांगत गेला.

दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या डाव्या बाजूला, जरा मागे, एक स्टूल आलं.

तिचं लहानपण त्या स्टुलावर गेलं. शाळेआधी हॉल, शाळेनंतर दौरा, सुटीत सभा. माणूस दारातून आत पाऊल टाकतो न टाकतो तोवर नाव आणि एक खूण, साहेबांच्या डाव्या कानात. 'शिंपी, मुलीचं लग्न मोडलं.' 'रिक्षावाले, डोळ्याचं ऑपरेशन.' साहेब मान डावीकडे कलती करायचे. लोकांना वाटायचं, बघा किती आपुलकीने ऐकतायत. ऐकत होते, हो. तिचं. जुन्या फोटोंत बघा, साहेबांच्या कानामागे एक कपाळ आणि अर्धी वेणी दिसते. खाली छापलेल्या नावांत ती कुठेच नाही.

तिला राग येत नव्हता का? मी विचारलं होतं. म्हणाली, "मावशी, मला आवडायचं. पप्पा मला सोडून कुठे जायचे नाहीत. बाकी मुलींना बाप रविवारी भेटायचा, मला रोज." मला बोलायचं पुष्कळ होतं, पण बापाच्या बाबतीत मुलीला बोलून उपयोग नसतो.

तिचा धाकटा भाऊ, घरात त्याला 'छोट्या' म्हणतात, बाहेर मी त्याला 'युवराज' म्हणते. हा तोपर्यंत वरच्या मजल्यावर गाडी-गाडी खेळत होता. आधी खेळण्यातल्या, मग खऱ्या. त्याला मिशी फुटली तशी चौकाचौकांत त्याची पोस्टरं लागली, 'युवा हृदयांची धडकन'. वॉर्डाची निवडणूक आली. जेवताना ही म्हणाली, "पप्पा, मला उभी करा. मला वॉर्डातला माणूस न् माणूस माहीत आहे." टेबलावर कुणी हसलं नाही, तेच वाईट. हसले असते तर भांडता आलं असतं. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू मागेच बरी दिसतेस, बाळा." आणि तिकीट छोट्याला.

तेव्हाही ती गेली नाही. पेपरवाले ही गोष्ट दडवतात, मी नाही दडवणार. ती संतीण नव्हती. रुसली, चार दिवस जेवली नाही, आईने समजावलं, "अगं, बापच आहे तो," आणि पाचव्या दिवशी पुन्हा स्टुलावर. तिला तिथून उठवलं ते आमच्या मिस्त्रीने.

मिस्त्री म्हणजे आमच्या लॉन्ड्रीचा बॉयलर सांभाळणारा. आमची लॉन्ड्री गल्लीतली कोळशाच्या इस्त्रीची नव्हे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे डगले, सगळं ढिगाने येतं. मोठाल्या टाक्यांत धुतलं जातं, मग वाफेवर तापलेल्या रोलरमधून जातं. दोघी अलीकडून चादरीची टोकं धरून आत सोडतात, दोघी पलीकडून घडी घालतात. ती वाफ येते बॉयलरमधून. बॉयलरला एक झडप असते, आतला दाब वाढला की ती आपोआप उघडून वाफ बाहेर सोडते. आमची झडप अडकत होती. मिस्त्रीने शेठला सांगितलं. शेठ म्हणाला, "ठोक जरा, उघडेल." म्हणून मिस्त्री गेला बंगल्यावर, कारण शेठ हा साहेबांचा दोस्त, एका ताटात जेवणारा.

पहिल्यांदा गेला तेव्हा हिने कानात सांगितलं, 'लॉन्ड्रीतले बॉयलर मिस्त्री. झडप अडकते.' साहेब म्हणाले, "या मिस्त्री! झडपेचा काय त्रास?" मिस्त्री हवेत तरंगत परत आला. "साहेबांना आधीच माहीत होतं!" मग प्रचारात साहेब आमच्या वस्तीत आले, मिस्त्रीच्या घरात शिरले, मिस्त्रीणीच्या हातचा चहा घेतला, मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झडपेचं माझ्याकडे लागलं." मी त्या दिवशी दारात उभी राहून ओरडले होते, "साहेब, लेखी द्या!" तर मिस्त्रीच माझ्यावर डाफरला, "मावशी, घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात का?" भला माणूस. भल्या माणसांचा मला फार राग येतो.

तो पुन्हा गेला. आणि पुन्हा. त्या शेवटच्या खेपेला हिने कानात सांगितलं, 'बॉयलर मिस्त्री, झडप. तुम्हीच बदलून देणार होतात.'

साहेबांनी मिस्त्रीची हसून विचारपूस केली, चहा पाजला, 'बघतो' म्हणून वाटेला लावला. हॉल रिकामा झाल्यावर खुर्ची वळवून ते हिच्याकडे बघायला लागले. आवाज चढवला नाही, त्यांचा कधीच चढत नाही. म्हणाले, "तुझं काम फक्त कोण ते सांगायचं. काय झालं नाही, ते सांगायचं नाही."

एवढंच. ती उठली, स्टूल उचललं, स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, आणि त्या आठवड्यात घर सोडलं.

त्या आडनावाने काम मागायला गेलं की दोनच गोष्टी होतात: एक तर खुर्ची देतात आणि काम देत नाहीत, नाहीतर घाबरून दार लावतात. तिने दोन्ही बघितलं. मग ती आमच्या मुकादमीणबाईसमोर येऊन उभी राहिली. मुकादमीणबाई वीस वर्षं धुलाईच्या टाक्यांवर राज्य करतेय, तिने कधी कुणाला मत दिलेलं नाही आणि पेपर फक्त डबा बांधायला वापरते. नाव ऐकून म्हणाली, "असेल. हात दाखव." हात मऊ होते. "भाजतील." "भाजू दे." पहिल्याच दिवशी रोलरला कोपर लागलं आणि तिच्या तोंडून अशी एक शिवी बाहेर पडली की वाफेतसुद्धा सगळ्या थांबल्या. मुकादमीणबाई म्हणाली, "बंगल्यात हेही शिकवतात वाटतं." तिथून 'बंगला' पडलं.

पण विश्वास? छे. साहेबांची लेक, शेठ साहेबांचा दोस्त, म्हणजे ही हेरच, असं आमचं ठरलेलं गणित. त्यातून तिला सगळं आठवायचं. कुणाच्या सुनेला कितवा महिना, कुणाचा नवरा कुठल्या कामावरून सुटला. ती प्रेमाने विचारायची आणि बायकांच्या अंगावर काटा यायचा. एकदा मीच तडकून म्हणाले, "ए, आम्ही काय मतदार आहोत का? विचारणं बंद कर आणि टोक धर." ती खरंच बंद झाली. नुसती टोक धरायला लागली. चादर सरळ जायला लागली.

झडपेचं तिने शेठला सांगितलं. शेठ हसला, "ताई, साहेबांना माहीत आहे ना? मग झालं तर!" बापाला फोन केला. बाप म्हणाला, "बघतो."

बॉयलर फुटला तो भर दुपारी. पायाखालची फरशी उडाली, खिडक्यांच्या काचा गेल्या, आणि मग पांढरं, नुसतं पांढरं. मिस्त्रीला आम्ही आमच्याच धुतलेल्या चादरीवर घालून बाहेर काढलं. दवाखान्याची चादर होती, कोपऱ्यात दवाखान्याचा शिक्का. तिथे पोचायच्या आत तो गेला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचं 'तीव्र दुःख' छापून आलं. तयार शब्द असतात ते, नुसती नावाची जागा मोकळी सोडायची.

शेठने काय करावं? बॉयलरला ठिगळ मारलं! जळलेल्या पातेल्याला मारतात तसं. म्हणाला, चालू करा. आम्ही फाटकाबाहेर जाऊन बसलो. नवीन बॉयलर येईपर्यंत आत पाय टाकणार नाही. ऊन झालं, थंडी झाली, घरात भांडणं झाली, काही जणी दुसरीकडे भांडी घासायला लागल्या, पण बसलो. बंगला आमच्यात बसली होती. तेव्हा मिस्त्रीणीने पहिल्यांदा स्वतःच्या डब्यातलं तिच्यापुढे सरकवलं.

आणि निवडणूक लागली.

साहेबांना लॉन्ड्रीच्या आवारात सभा हवी होती. 'दुर्घटनाग्रस्त कामगारांच्या पाठीशी' असा बॅनर आधीच रंगवून झाला होता. पण अडचण एक होती. स्टूल रिकामं झाल्यापासून साहेबांच्या ख्यातीला गळती लागली होती. डाव्या बाजूला छोट्या उभा राहायचा, हातात फोन, फोनमध्ये लोकांचे फोटो आणि नावं. तो बोटाने सरकवत राहायचा आणि माणूस समोरून निघून जायचा. एका शिक्षिकेला साहेबांनी विचारलं, "दुकान कसं चाललंय?" लोक हसायला लागले होते. पुढाऱ्याला शिव्या चालतात, हसणं चालत नाही.

म्हणून छोट्या आला. गाडी कोपऱ्यावर ठेवून, चालत. बुटांना चिखल लागू नये म्हणून टाचा उचलत.

"ताई, चल ना. एक तास फक्त. जुन्यासारखी पप्पांच्या बाजूला उभी राहा. इथल्या बायका तुला पाठ आहेत."

"आणि?"

"आणि बॉयलर. नवा. पप्पा शेठला माझ्यासमोर म्हणालेत. सभा नीट झाली, की लगेच ऑर्डर."

"आणि नीट नाही झाली?"

छोट्याने आमच्याकडे बघितलं, मग बुटांकडे. "मग तुझं तू बघ."

"बॉयलर फुटावा लागतो, तेव्हा कुठे तुम्हाला वस्ती दिसते!" मी उठले होते. "जा, सांग तुझ्या बापाला..." आणि पुढे मी जे सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही.

"मावशी, खाली बस," मुकादमीणबाई म्हणाली. "तुझ्या रागावर चादरी वाळत नाहीत. बॉयलर पाहिजे आपल्याला. बाईने तासभर कानात बोललं तर तिची जीभ झिजते का?"

यावर जे भांडण झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. निम्म्या म्हणत होत्या जा, निम्म्या म्हणत होत्या गेलीस तर परत येऊ नको. मी दुसऱ्यांत होते. बंगला मधे बसून मातीत काडीने रेघा ओढत होती. त्या कानाशी पुन्हा जायचं नाही म्हणून तिने घर सोडलं होतं, आणि आता तोच कान आमच्या बॉयलरच्या मोबदल्यात मागितला जात होता. शेवटी म्हणाली, "मी जाते. माझं नाक कापलं जाईल, बॉयलर तर येईल."

तेव्हा मिस्त्रीण बोलली.

"जा. सगळ्यांचं सांग त्यांना. माझं नको सांगू."

"म्हणजे?"

"मी समोर आले की गप्प बस. ते माझ्या घरात आले होते. माझ्या कपातनं चहा प्यायले. यांच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो कुठला हात तेपण मला आठवतंय. त्यांना काय आठवतंय ते मला बघायचंय. आठवलं, तर माझं भांडण मिटलं. मत पण देईन."

"नाही आठवणार, वहिनी," बंगला म्हणाली. "आणि मग बॉयलर गेला."

"तुला काय ठाऊक? तू कधी गप्प बसून बघितलंयस?"

बंगलाच्या हातातली काडी थांबली. मी तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं, की हा प्रश्न मिस्त्रीणीने विचारायच्या आधीपासून तिच्या पोटात होता. आपण नसलो तर आपल्या बापात काही आहे का? लहानपणापासून आपण ज्याच्या कानात बोलत आलो, त्याच्या आत आपला आवाज सोडून दुसरं काही उरतं का? बॉयलर आमचा होता, पण हे तिचं होतं.

तिने एकेकीला विचारलं. "बॉयलर जाऊ शकतो. चालेल?" मुकादमीणबाईने शेवटी कपाळावर हात मारला. "मिस्त्री माझ्यासमोर गेला. तिला नाही म्हणायचं माझं तोंड नाही. जाऊ दे गेला तर."

सभेच्या दिवशी आवारात मांडव, खुर्च्या, बॅनर. साहेबांच्या सदऱ्याच्या गळ्याशी छोटासा माइक लावलेला, म्हणजे भेटीगाठीसुद्धा सगळ्या वस्तीला ऐकू जाव्यात. ही छोट्याचीच आयडिया. बंगला डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. साहेबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती मान कलती केली. खुर्ची जशी ओळखीच्या पाठीला लागते तशी ती मान कलली.

आम्ही एकेक पुढे जात होतो. आणि काय सांगू, जादूच! "मुकादमीणबाई, नातू शाळेत जायला लागला ना?" मुकादमीणबाईसारखी मुकादमीणबाई लाजली. घडीवाल्या दोघी, धुलाईवाली, सगळ्यांच्या घरचं एकेक दुखणं माइकमधून वस्तीवर पसरत होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. मला सांगितलं, "मावशी, तुमचा राग मला ठाऊक आहे, तो राहू द्या." मी दात आवळले. बायका फुलल्या होत्या. मी घाबरले, की आता हे जिंकतात.

माझ्यामागून मिस्त्रीण पुढे झाली.

बंगलाने ओठ मिटले.

साहेब कान कलता करून थांबले. पुन्हा अंमळ जास्त कलले. काही नाही. छोट्या फोनमध्ये बोट फिरवायला लागला. मग साहेबांनी मिस्त्रीणीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, भुवया वर गेल्या, आणि चेहरा उजळला. खरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला स्वतःचं स्वतः आठवलं होतं! त्यांनी वळून लेकीकडे बघितलंसुद्धा, ऐटीत, बघ, तुझ्यावाचून अडत नाही.

"वहिनी! ओळखलं मी. तुमच्या हातचा चहा घेतलाय. आलं घातलेला. काय म्हणतायत आमचे मिस्त्री? आज दिसत नाहीत ते?"

माइकमधून हे सगळ्या वस्तीला ऐकू गेलं.

मिस्त्रीण अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आहेत ना. बॉयलरपाशी. बोलावू?"

"बोलवा, बोलवा! त्यांच्याशिवाय फोटो कसा निघणार?"

मिस्त्रीण वळली. खुर्च्यांमधून वाट काढत बॉयलरच्या खोलीपाशी गेली. तिथली भिंत काळी पडलेली आहे, दाराची चौकट वाकलेली. चौकट धरून तिने हाक मारली.

"अहो!"

कुणी हललं नाही.

"अहो! साहेब आलेत. तुम्हाला बोलावतायत!" आणि मग तिसऱ्यांदा, पोटातून, "अहो!"

मी कित्येक मोर्चे काढलेत, घोषणा देऊन देऊन घसा फोडलाय. त्या एका 'अहो'ची बरोबरी माझ्या एकाही घोषणेला आलेली नाही. छोट्या बापाच्या कानाशी वाकून कुजबुजला. काय कुजबुजला ते ऐकू आलं नाही, पण साहेबांचा माइक गळ्याशी होता आणि त्यांनी जे विचारलं ते शेवटच्या घरापर्यंत गेलं.

"कधी?"

कधी! अरे, तू दुःख छापून आणलंस ना? तीव्र?

साहेब लेकीकडे वळले. पांढरेफटक पडले होते. मला त्यांची दया यायला हवी होती म्हणे, पुढे एका शहाण्याने मला सुनावलं. नाही आली. "तू सांगायचंस ना," ते म्हणाले. तेही माइकमधून.

बंगलाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता, रोलरमध्ये जाणाऱ्या चादरीसारखा. "माझं काम फक्त कोण ते सांगायचं, पप्पा. काय झालं नाही, ते सांगायचं नाही."

मग ती तिथून निघाली आणि बॉयलरच्या दारात जाऊन मिस्त्रीणीच्या बाजूला उभी राहिली. मागे नाही. बाजूला.

पुढचं सांगून टाकते. साहेब निवडून आले. येणारच. आमची वस्ती सोडून बाकी शहर आहेच की. बॉयलरची ऑर्डर अर्थातच गेली नाही. पण त्या ठिगळाच्या बॉयलरला हात लावायला शेठला एक माणूस मिळेना, बाहेरगावचासुद्धा नाही, कारण ती 'अहो' तिथवर पोचली होती. दवाखान्यांनी चादरी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा शेठचं डोकं ताळ्यावर आलं. नवा बॉयलर आला. त्याच्यावर पितळी पाटी आली, 'साहेबांच्या अथक प्रयत्नांतून'. ती पाटी गरम राहते. आम्ही तिच्यावर फरशी पुसायचं फडकं वाळत घालतो. छान वाळतं.

बंगला रोलरवरच आहे. तिला तीन पक्षांनी विचारलं, उभी राहतेस का. एकाने तर मला मध्यस्थ केलं होतं, त्याचा मी चपलेने सत्कार केला. आमच्या युनियनच्या बैठकीला मात्र ती येते आणि तिचा एक हट्ट आहे: कुणी कुणाचं गाऱ्हाणं सांगायचं नाही. ज्याचं त्याने उभं राहून सांगायचं, कितीही अडखळलं तरी. बैठका लांबतात त्याने. मला चीड येते. पण मी बसते.

बापाचा फोन आला होता, सभेनंतर बऱ्याच दिवसांनी. जेवणाची सुटी होती, मी आणि मिस्त्रीण शेजारीच होतो. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तिने मिस्त्रीणीकडे बघितलं.

"नाव नाही सांगणार, पप्पा," ती म्हणाली. "घर बघितलंय तुम्ही. नळाच्या समोरचं. जा आणि त्यांनाच विचारा."

मिस्त्रीण घरी दोन कप पालथे घालून ठेवते फळीवर, तिचा आणि मिस्त्रीचा. ज्यातून साहेब चहा प्यायले तो मिस्त्रीचा. साहेबांची गाडी त्यानंतर चौकातून कितीदा गेली, बोट दाखवणाऱ्या बापाच्या पुतळ्याला वळसा घालून. आमच्या गल्लीकडे अजून वळलेली नाही.